अर्धी वाटी आणि शेजारचे ताट

तळा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुचिता हिस,
सप्रेम जय भीम.

एक कोडे घालतो. तुझ्याही पाहण्यात आले असेल. एकटा माणूस जेवायला बसला की चार घासांत उरकतो. त्याच माणसाच्या शेजारी कुणी ताट घेऊन बसले की तो नकळत भाकरीचा आणखी एक तुकडा मोडतो, वर भात घेतो आणि उष्टा हात वाळेपर्यंत बसून राहतो. पोट तेच, भूक तेवढीच, कालवणही तेच. मग हे जास्तीचे अन्न त्याला खायला लावतो कोण?

उत्तर शेवटी देईन. आधी दिले की वर्ग झोपतो, हा माझा जुना अनुभव आहे.

प्रथम पत्राचे प्रयोजन. शस्त्रक्रियेविषयी मी तुला फोनवर सविस्तर मजकूर पाठवला, तेव्हा तू अंगठ्याचे चित्र पाठवून मोकळी झालीस. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाचे अंगठ्याने समाधान होत नाही. दुसरे कारण असे, की रोज चार वाजतात. पूर्वी चार वाजले की सदाच्या टपरीवरची कांदाभजी येत असत. आता चार वाजले की हातांना काय करावे ते समजत नाही. ते टेबलावर फिरतात, वर्तमानपत्राची घडी घालतात, पुन्हा उलगडतात. म्हणून त्यांच्यात पेन दिले आहे.

आता विषय. एकसष्टाव्या वर्षी हे धाडस कशाला, असे तू विचारले होतेस. गुडघे, रक्तातली साखर आणि झोपेत अडखळणारा श्वास या तिघांनी मिळून माझ्यावतीने निर्णय घेतला. डॉक्टरांनी पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा बाहेरच्या बाजूचा मोठा भाग कापून काढला. पूर्वीचे जठर एखाद्या फुगलेल्या पखालीसारखे होते असे समज. आता तिथे कोवळ्या पडवळाच्या तुकड्याएवढी एक नळी उरली आहे. तिच्यात एका वेळी अर्धी वाटी मावते. तीही पातळ आणि हळूहळू घ्यायची, जेवताना पाणी प्यायचे नाही, आणि डाळ, अंडे, मासा यांना भातापेक्षा आधी मान द्यायचा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर.

आता कोड्याचे उत्तर. सोबत जेवणाऱ्याचा हात आपल्या हाताला चालवतो. एका होडीत दोघे वल्ही मारत असले की नकळत एक लय धरतात. एकाने जोर लावला तर दुसराही लावतो, एकाने वल्हे आत घेतले तर दुसऱ्याचाही हात मंदावतो. ताटाचेही तसेच. मी हे सूत्र माझ्या उपयोगासाठी उलटे केले आहे: कमी खायचे, तर एकट्याने खावे. म्हणून आजपासून मी माझी वाटी घेऊन ओटीवर बसतो. प्रयोग यशस्वी होईल याविषयी मला शंका नाही.

इंदू चहा ठेवते आहे. तिचा नमस्कार.

तुझा दादा,
महिपत

---

श्रीवर्धन,
१८ फेब्रुवारी २०२५

ति. दादा,
जय भीम.

अंगठ्याबद्दल माफी. पण तुझा तो मजकूर वाचता वाचता फोनची बॅटरी संपली होती. पत्र बरं. झोपाळ्यावर बसून मी सूनबाईला, भक्तीला, मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, मामांना कळवा, आमच्याकडं पडवळाची भाजी आठवडाभर तरी बंद."

पखाल समजली, पडवळ समजलं, होडीसुद्धा समजली. पण एवढ्या लांब पत्रात वहिनी एकदाच आली, तीही चहा ठेवायला. ती कशी आहे? पस्तीस वर्षं तुम्ही दोघं समोरासमोर ताटं घेऊन बसलात. तिला तुझी ओटीवरची वाटी आवडली का?

सोबत सोडे पाठवते आहे. यंदाची सुकी कोळंबी चांगली आली आहे. ते तुझ्यासाठी नाहीत, उगीच सूत्र मांडू नकोस. वहिनीला वांग्यात घालून खाऊ दे. तिचा जीव आहे सोड्यांवर.

तुझी,
सुचिता

---

तळा,
३० मार्च २०२५

चि. सुचिता,
जय भीम.

सोडे पोचले. इंदूने डबा वरच्या फळीवर ठेवला आहे, कारण सुक्या मासळीचा आणि तळणीचा वास सध्या मला सहन होत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही जणांचे वास आणि चव यांचे गणित बदलते. नेमके का, यावर अजून एकमत दिसत नाही, आणि मला तर त्यामुळे हा विषय अधिकच रोचक वाटतो.

पण त्याहून अद्भुत गोष्ट ऐक. भूक हा केवळ रिकाम्या पोटाचा आवाज नसतो. जठराच्या वरच्या फुगीर भागात एक रस तयार होतो आणि तो रक्तातून मेंदूकडे निरोप नेतो, की आता जेवायला बसा. माझा तो भागच कापून टाकल्यामुळे निरोप्या जवळजवळ नाहीसा झाला आहे. मला भूक लागत नाही! शाळेत जशी घंटा झाली की पोरे उठत, तसा मी जन्मभर जेवायला उठत आलो. आता घंटाच बंद आहे, त्यामुळे दिवसाचे तास एकमेकांत मिसळून गेले आहेत. बसवत नाही. सकाळी तळगडाच्या पायथ्यापर्यंत जातो, दुपारी बाजारात, संध्याकाळी पुन्हा कुठेतरी. परवा कुडाच्या लेण्यांवर गेलो. ज्या दगडी ओट्यांवर भिक्खू ऋतूमागून ऋतू स्वस्थ बसले, तिथे मला खाडी बघत थोडा वेळही बसता आले नाही. उठलो आणि लेण्यांची लांबी पावलांनी मोजत सुटलो.

बाजारात वेगळीच तऱ्हा. सदाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "सर, खरं सांगा, डाक्टर काय बोलतात? हातातलं सुटलंय काय?" मी त्याला त्याच्याच पिठाच्या पातेल्यावर जठराची रचना समजावली. त्याने ऐकून घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितले, "सरांचं पोट काढलंय."

इंदूविषयी विचारतेस. ती मजेत आहे. तिच्यावरचा स्वयंपाकाचा भार निम्म्याहून अधिक उतरला. अर्ध्या वाटीचा स्वयंपाक तो केवढा!

दादा

---

श्रीवर्धन,
१२ एप्रिल २०२५

ति. दादा,
जय भीम.

या आठवड्यात वहिनीला तीनदा फोन केला. सकाळी केला तर म्हणाली, "जेवले की." दुपारी केला तर, "जेवले की मघाशी." रात्री केला तर, "दुपारचंच पोटात हाय अजून." दर वेळी मागं भांड्यांचा आवाज होता, पण तो घासण्याचा होता, वाढण्याचा नव्हता.

माझ्या घरचं माणूस गेलं त्या वर्षी मीही शेजारणीला असंच सांगायचे. खोटं बोलण्याचा बेत नसायचा. राहुल तेव्हा नोकरीसाठी बाहेरगावी, आणि एकीसाठी चूल पेटवायची म्हणजे उगीच वाटायचं, इतकंच. राहुलचं लग्न होऊन भक्ती घरात आली आणि तिनं "आई, बसा" म्हणून समोर ताट ठेवलं, तेव्हा ते सुटलं.

एकच प्रश्न विचारते, त्याचं उत्तर दे, व्याख्यान नको. तू तिला जेवताना बघतोस का?

सुचिता

---

तळा,
१८ मे २०२५

चि. सुचिता,
जय भीम.

वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटली. सर्वांच्या आग्रहाखातर मी तीन चमचे घेतली. थोड्याच वेळात हृदय धडधडू लागले, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. लोक धावले. मी मात्र सतरंजीवर पडल्या पडल्या त्यांना समजावत होतो, की घाबरण्याचे कारण नाही, साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरली की शरीर तिच्या स्वागताला असे धावते. पुस्तकातले वर्णन स्वतःच्या अंगावर तंतोतंत उतरताना पाहण्याचे भाग्य किती जणांना लाभते?

घरी आल्यावर इंदूने आमच्या वाट्याची सगळी खीर शेजारी देऊन टाकली. त्या दिवसापासून घरात गोड नाही, तळण नाही, मासळी तर आधीपासूनच नाही. मी असे काही सांगितले नव्हते. तिने स्वतःहून शिस्त स्वीकारली.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: मी फिरायला गेल्यावर ती शांतपणे जेवते. माझ्यासमोर बसून खाणे तिला प्रशस्त वाटत नाही, आणि समोर भरले ताट असले की मलाही बसवत नाही, पाय आपोआप दाराकडे वळतात. अशा रीतीने आम्ही दोघांनी एकमेकांची सोय पाहिली आहे.

आणि एक आनंदाची बातमी. संगतीचा परिणाम पाहा: इंदूचेही वजन उतरले आहे, शस्त्रक्रियेवाचून! परवा तिला वजनकाट्यावर उभे केले आणि माझ्या शिस्तीचा तिला लाभ झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन केले. ती हसली.

माझे केस गळतात. पण तो तात्पुरता टप्पा आहे, त्याविषयी पुढे कधीतरी सविस्तर.

दादा

---

श्रीवर्धन,
२६ जून २०२५

ति. दादा,
जय भीम.

मागच्या रविवारी मी न कळवता आले, ते मुद्दाम. तू फिरायला गेला होतास. दार उघडलं त्या बाईला ओळखायला मला क्षणभर लागला. बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या, गळ्याची हाडं वर आलेली. आत गेले तर गॅसवर एवढंसं पातेलं. आमचं बोलणं जसं झालं तसं लिहिते.

"वहिनी, जेवलीस?"

"जेवले की."

"काय जेवलीस?"

"ह्यांच्या वाटीत ऱ्हायलं व्हतं ते."

"अगं, त्याची वाटीच अर्धी. त्यात उरतं किती?"

"दोन घास ऱ्हातात. वर च्या घेते."

"भाकरी?"

"एका भाकरीसाठी तवा कोन तापवील? आनि खरं सांगू सुचे, ते तिकडं ओटीवर उपाशी माणसावानी वाटी घेऊन बसतात, आनि मी आत ताट भरून बसू? माझ्या गळ्याखाली उतरत न्हाय."

फळीवर सोड्यांचा डबा होता. मी बांधलेली दोरी तशीच्या तशी.

मग तू आलास. स्नायू टिकवण्यासाठी काय खावं हे तू मला समजावलंस, फार छान समजावलंस. वहिनी तेवढा वेळ तुझ्या पाठीमागं दाराला धरून उभी होती. मी म्हटलं, वहिनीला चार दिवस नेते. तू म्हणालास, "ने की, हवापालट होईल."

दादा, मी तिला चार दिवसांसाठी नाही आणलं. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त फार कमी झालं आहे, वजन या वयाला शोभत नाही इतकं उतरलं आहे, असंच चाललं तर भरती करावं लागेल, असं ते म्हणाले. ज्या वजनाबद्दल तू तिचं अभिनंदन केलंस ते हेच.

पहिल्या रात्री ती आमच्यात ताटावर बसली आणि घास हातात धरून वाट बघत राहिली. कशाची, ते आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, कुणीतरी उठून जाईल याची. कुणी उठलं नाही. भक्तीनं दुसरी भाकरी वाढली. तिनं ती खाल्ली, आणि काल सोड्याचं कालवण मागून घेतलं.

एकाने वल्हे आत घेतले तर दुसऱ्याचाही हात मंदावतो. हे वाक्य तुझंच आहे, फेब्रुवारीतलं. तू वल्हं आत घेतलंस, दादा. होडीत दुसरं कोण होतं?

तिला मी इतक्यात पाठवणार नाही.

सुचिता

---

तळा,
११ जुलै २०२५

चि. सुचिता,
जय भीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी पहिले काही दिवस तुझ्या युक्तिवादातली चूक शोधत होतो. ती सापडली नाही. चूक माझ्या सूत्रात होती. सूत्र बरोबर होते, पण त्यात मी एकच माणूस धरला होता.

इथली स्थिती कळवतो. इंदू गेल्यावर मी नेहमीप्रमाणे वाटी घेऊन ओटीवर बसलो. अंडे कुस्करलेले, मीठ बेताचे, सर्व काही नियमानुसार. पण घास उतरेना. उठलो, फेऱ्या मारल्या, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. मग ध्यानात आले, की इतके महिने मी ओटीवर बसून स्वयंपाकघरातले आवाज ऐकत खात होतो. पळीचा, झाकणाचा, तिच्या पुटपुटण्याचा. म्हणजे मी एकटा जेवतच नव्हतो. एकटी जेवत होती ती. की जेवतही नव्हती.

तपासणीला गेलो तर माझ्या डॉक्टरांनीही भुवई उंचावली. अर्धी वाटीही पोटात गेली नाही तर चरबीच्या आधी स्नायू झडतात. ओळखीच्या गोष्टी आहेत, वर्गात शिकवल्यासारख्या तुला समजावल्या होत्या. आता जिना चढताना कळतात.

घरात चैन पडत नाही. काल तिच्या पाटावर बसून पाहिले. तिथून ओटीवरच्या माणसाची फक्त पाठ दिसते.

तिला विचार, कधी येशील. नको, तसे विचारू नकोस. विचार, की मी येऊ का.

दादा

---

श्रीवर्धन,
१९ जुलै २०२५

ति. दादा,

विचारलं. सुपाऱ्या सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "येऊ द्या. पन वाटी घेऊन ओटीवर बसायचं आसंल, तर तिकडचीच ओटी बरी म्हनावं."

आमच्या घराला ओटी आहे, दादा. मी तिथं लाकडं रचून ठेवली आहेत.

सुचिता

---

तळा,
६ सप्टेंबर २०२५

चि. सुचिता,
जय भीम.

आम्ही दोघे सुखरूप पोचलो, त्याला आता पंधरा दिवस होतील. म्हसळ्याला एसटी थांबली तेव्हा इंदूने स्वतःहून वडापाव मागितला आणि तो माझ्याकडे पाठ न करता खाल्ला, हे आधी नोंदवतो.

तुझ्या घरी पंगतीत बसताना माझी काय अवस्था झाली, ती तू पाहिलीसच. पाय हलत होते, नजर दाराकडे, आणि सोड्यांच्या वासामुळे नाकाला रुमाल. तिसऱ्या दिवशी वासाचे वावडे थोडे कमी झाले. नाहीसे झालेले नाही. इथे इंदू मासळी मागच्या पडवीत चुलीवर शिजवते आणि मी वाऱ्याची दिशा पाहून पाट मांडतो.

पण या सगळ्यात मला जे सापडले ते मी कुणाला सांगू आणि कुणाला नको असे झाले आहे! डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, की अर्धी वाटी सावकाश, बारीक चावून, भरपूर वेळ घेऊन खा. मी तो वेळ ओटीवर भिंतीकडे बघत काढत होतो. आता समोरासमोर बसल्यावर असे दिसले, की माझी अर्धी वाटी संपायला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितक्याच वेळात इंदूचे अख्खे ताट होते: दोन भाकऱ्या, कालवण, भात. आम्ही एकदम सुरू करतो आणि एकदम उठतो. दोघांची होडी बरोबर काठाला लागते. जे एकत्र जेवण मी शस्त्रक्रियेबरोबर कापले गेले असे समजत होतो, त्याला कुणी हातही लावला नव्हता.

एक अडचण मात्र उरली होती: दोन घासांच्या मध्ये माझे हात मोकळे राहतात आणि मोकळे राहिले की मला उठवतात. ती इंदूनेच सोडवली. बोय मासा आणला होता. तिने तुकडा माझ्याकडे सरकवला. "बसलाच हाय तर काटे काढा." तेव्हापासून मी एक लहानसा घास घेतो, चावता चावता तिच्या तुकड्यातले काटे काढतो आणि मासा तिच्या ताटात ठेवतो. पहिल्या दिवशी म्हणाली, "मी काय ल्हान पोर हाय?" ताट मात्र मागे घेतले नाही. काल एक काटा राहिला, तर म्हणाली, "एवढं शिकलात कशाला?"

तिचे रक्त वाढते आहे. तुमच्या डॉक्टरांना कळव. बांगड्या अजून सैल आहेत, पण आता मनगटाच्या आसपासच फिरतात. मी तिला वजनकाट्यावर उभे केलेले नाही. काटा सध्या पलंगाखाली आहे.

माझी अस्वस्थता संपली असे लिहिले तर तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि ते खरेही नाही. चार वाजता अजून पाय वळवळतात. फिरायला जातो, पण जेवणाच्या वेळेला जात नाही. सदा म्हणतो, "सर, आता तुमी आजारी दिसत न्हाय, नुसते म्हातारे दिसता." मी हे निदान स्वीकारले आहे.

आता तुझ्यासाठी एक प्रयोग. तू, राहुल, भक्ती, तिघेही करू शकता. साहित्य काही नको, जेवायला कुणीतरी शेजारी असले म्हणजे झाले. आज रात्री जेवायला बसा. थोडे घास झाल्यावर नजर आपल्याच ताटात ठेवा आणि मनातल्या मनात सांगा: शेजारच्या ताटात या क्षणी काय आहे, किती आहे, आणि कशाला अजून हातच लागलेला नाही.

मग मान वळवून बघा.

तुझा दादा,
महिपत